कर्म कुणाच्या माथी?

इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन' असले एखादे शेपूट चिकटले की भलेभले गोंधळतात. 'ब्रेक' म्हणजे मोडणे, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण 'ब्रेक डाउन'ला कर्म लागते काय, असे विचारा, पदवीधरही आढ्याकडे पाहू लागतील!

आमच्या निगडीत हा प्रश्न नुसता शाळेपुरता नाही. १९७२ साली स्थापन झालेले प्राधिकरण २०२१ साली विलीन झाले, तरी वस्तीचे नाव तेच राहिले आणि तिथल्या माणसांचे कारखान्यांत जाणेयेणेही. कारखान्यातला अहवाल बहुधा इंग्रजीत. शेजारचा एक तरुण ऑपरेटर परवा मेमो घेऊन आला. रात्रपाळीत यंत्र बंद पडले होते. सुपरवायझरसाहेबांनी लिहिले, 'ऑपरेटर ब्रोक डाउन द मशीन.' लिहायला हवे होते, 'द मशीन ब्रोक डाउन.'

"काका, शब्द तर तेच आहेत ना?"

म्हटले, "बाबा रे, मराठीत भूतकाळ करून बघ. 'यंत्र बिघडले.' आणि 'त्याने यंत्र बिघडवले.' तो 'ने' तुझ्या माथी बसला!"

शिवाय यंत्र बिघडवणे या अर्थी 'ब्रेक डाउन' चालतच नाही. त्याला कर्म दिले तर अर्थ होतो तोडून पाडणे. पोलिसांनी दार तोडले, तसे. पोराने तेवढेच मुद्देसूद लिहून खुलासा दिला.

ही 'ने'ची परीक्षा घरीही करून पाहा. 'पणती विझली' म्हणजे 'गो आउट', कर्म नाही. 'वाऱ्याने पणती विझवली' म्हणजे 'ब्लो आउट'. पणती हे कर्म. 'टेक ऑफ' तर दोन्ही घरचा पाहुणा: 'विमान उडाले' आणि 'बाबांनी कोट काढला'. मात्र परीक्षेला 'तो' घ्यावा. 'मी' आणि 'तू' यांना हा 'ने' दिसत नाही. शिकणे, विसरणे, पिणे ही मंडळीही फसवी. 'तो धडा शिकला', 'ती दूध प्यायली'. कर्म समोर बसले आहे आणि 'ने'चा पत्ता नाही!

कर्माची जागा हे दुसरे दुखणे. 'दिवा बंद कर' याला 'टर्न ऑफ द लॅम्प' किंवा 'टर्न द लॅम्प ऑफ', दोन्ही चालते. पण दिव्याऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसते: 'टर्न इट ऑफ'. उलट 'लुक आफ्टर'मध्ये ते शेवटीच: 'लुक आफ्टर इट'. इथे मराठी काही मदत करीत नाही. घोकंपट्टीच करावी लागते, आणि तिला चकल्यांचा डबा जवळ असलेला बरा.