परीक्षकच दुकानात जाऊन बसला तर...

गेल्या रमजान ईदला माझ्या भाच्याला घरातल्या सगळ्यांकडून मिळून नऊशे रुपये ईदी मिळाली. तो नववीत आहे. आमच्या जिंतूरच्या पोरांची ईदी शिरखुर्मा पचायच्या आत उडते, आमचीही उडायची. म्हणून संध्याकाळी मी सहज विचारलं, काय घेतलंस? त्याने मोबाइल पुढे केला. एका गेममध्ये त्याने वीस-वीस रुपयांच्या पेट्या विकत घेतल्या होत्या. पेटीत काय आहे ते उघडल्यावरच कळतं. त्याला एक ठरावीक बंदूक हवी होती. ती एकाही पेटीत निघाली नव्हती आणि नऊशेतले चाळीस रुपये शिल्लक होते.

"तुला कोणी सांगितलं ही बंदूक निघते म्हणून?"

त्याने एका यूट्यूबवाल्याचं नाव घेतलं. त्याच्या व्हिडिओत तिसऱ्याच पेटीत ती बंदूक निघाली होती. मी म्हणालो, अरे, अशा लोकांना जाहिरातीचे पैसे मिळतात, कधीकधी पेट्याही फुकट मिळतात. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. "मामू, वो भाई झूठ कायकू बोलेंगा?"

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या वयाचा असताना मीही असाच एकावर डोळे झाकून विश्वास ठेवत होतो. फरक इतकाच, की माझा 'भाई' छापील होता.

जिंतूरला रेल्वे नाही. इंग्रजी मासिक हवं तर येस्टीने परभणी गाठायची. अब्बा कामासाठी परभणीला निघाले की मी मागे लागायचो आणि स्टेशनवरच्या स्टॉलसमोर बराच वेळ उभा राहायचो. ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. 'डिजिट', 'चिप' अशी संगणकाची मासिकं तिथे टांगलेली असायची. त्यांत गेमची पानं असायची. 'स्कोअर' नावाचं तर निव्वळ गेमना वाहिलेलं भारतीय मासिक होतं. मासिकासोबत सीडी मिळायची आणि सीडीत गेमचे डेमो असायचे. घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे ती सीडी म्हणजेच आमचं गेमचं दुकान. लोडशेडिंग संपून लाइट आली की चार पोरं एका संगणकाभोवती जमायची. माझं इंग्रजी बेताचं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती परीक्षणं वाचली आहेत. पहिल्यांदा त्यातच मला कळलं, की एखादी गोष्ट आवडली किंवा नाही आवडली एवढं म्हणून भागत नाही, का ते सांगावं लागतं.

पण दोन-तीन वर्षांत मी घ्यायचो त्यांतल्या एका मासिकाचा नूर बदललेला मलाही जाणवायला लागला. नाव घेण्यात अर्थ नाही. आधी परीक्षणाला दोन-तीन पानं मिळायची, ती अर्ध्यावर आली. उरलेल्या जागेत न आलेल्या गेमची कौतुकं येऊ लागली: हा गेम पुढच्या वर्षी येतोय, जबरदस्त असणार. जो गेम कोणी खेळलेलाच नाही, तो जबरदस्त असणार हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? कंपनीने पाठवलेल्या कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून. एका अंकात तर मुखपृष्ठावर जो गेम, आतल्या पूर्ण पानाच्या जाहिरातीत तोच आणि परीक्षणात दहापैकी नऊ गुण मिळवणाराही तोच. मग परभणीहून मासिक आणणं मी हळूहळू सोडून दिलं.

गेमची मासिकं इंटरनेटने मारली असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. इंटरनेटने त्यांचा खप आणि जाहिराती खाल्ल्या हे खरं. पण माझं म्हणणं असं, की त्यांचा जीव गेला तो त्याआधी. वाचकाच्या खिशाची राखण करायची सोडून ज्या दिवशी त्यांनी दुकानदाराच्या गल्ल्याची राखण सुरू केली, त्याच दिवशी ती संपली. छपाई बंद पडली ती नंतर.

आणि हे फक्त आपल्याकडे झालं नाही. जपानमध्ये 'फामित्सू' नावाचं मासिक १९८६ साली निघालं. तिथे चार जण एकच गेम खेळून प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम आला तो १९९८ साली, 'झेल्डा' मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम'. म्हणजे पहिली बारा वर्षं एकालाही पैकीच्या पैकी नाहीत. त्यानंतर मात्र असे गुण मिळवणाऱ्या गेमची संख्या वीसच्या वर गेली. दहावीचे निकाल पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पोरं हुशार झाली असतीलही, पण गुणांची किंमत घसरली हेही तितकंच खरं.

अमेरिकेत 'निन्टेंडो पॉवर' हे मासिक १९८८ ते २०१२ चाललं. पोरांचं लाडकं होतं, पण ते सुरू केलं होतं खुद्द निन्टेंडो कंपनीनेच. 'गेम इन्फॉर्मर' हे मासिक गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीच्या मालकीचं होतं. तिथे चांगलं लिहिणारे नव्हते असं नाही, उलट अनेक जण जीव ओतून लिहीत. पण कापडवाल्यानेच कापडाची पारख सांगायची म्हटल्यावर गिऱ्हाईक थोडं सावध राहणारच. ऑगस्ट २०२४ मध्ये मालकांनी हे ३३ वर्षांचं मासिक एका दिवसात बंद केलं आणि त्याची वेबसाइटही उतरवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मालकाने ते पुन्हा सुरू केलं, पण मधल्या काळात तेहतीस वर्षांचं काम वाचकाच्या डोळ्यांपुढून गायब होतं. आमच्याकडे जुने अंक निदान रद्दीच्या दुकानात तरी सापडतात.

मासिकांची जागा वेबसाइटनी घेतली, पण दुखणं तेच राहिलं. २००७ साली 'गेमस्पॉट' या वेबसाइटवर जेफ गर्स्टमन या परीक्षकाने एका गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्याच वेळी त्याच गेमची जाहिरात त्या वेबसाइटभर झळकत होती. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांना उघडपणे सांगता आलं ते २०१२ साली. मला विचाराल तर त्या सहा गुणांपेक्षा महत्त्वाचे आहेत ते बाकीच्यांनी नंतर दिलेले आठ आणि नऊ. एकाची नोकरी गेलेली पाहून किती जणांची लेखणी हळूच दोन गुण वर सरकली असेल, याचा हिशेब कोण लावणार?

दबाव नेहमी इतका उघड नसतो. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. तो बाजारात येण्याआधी कंपनीने परीक्षकांना फक्त संगणकावर चालणारी प्रत दिली. भरभरून गुण आले. प्लेस्टेशनवर विकत घेणाऱ्यांनी ते वाचून पैसे मोजले आणि त्यांच्याकडे गेम अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. आठवडाभरात सोनीला तो आपल्या दुकानातून काढून घ्यावा लागला. परीक्षक खोटं बोलले नव्हते, त्यांना दाखवलं तेवढंच त्यांनी पाहिलं. "आम्हाला प्लेस्टेशनची प्रत मिळालेली नाही, ती खेळल्याशिवाय आम्ही गुण देणार नाही" असं ठणकावून सांगायची ताकद मात्र फार थोड्यांत उरली होती. पहिल्या दिवशी परीक्षण छापलं नाही तर वाचक दुसरीकडे जाणार आणि कंपनी रुसली तर पुढची प्रत मिळणार नाही, या दोन भीतींमध्ये बिचारा परीक्षक सापडलेला.

दर्जा घसरतो तेव्हा फक्त गुण फुगत नाहीत, नजरही आंधळी होते. २००९ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' आला. त्यात कराचीच्या गल्ल्यांतून गोळीबार करायचा एक भाग आहे. तिथल्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू चालते. आमच्या उर्दू शाळेतल्या चौथीच्या पोरानेही ते ओळखलं असतं, कारण उर्दूतले ट, ड, ड़ अरबीत नाहीतच. मी वाचलेल्या परीक्षणांत ग्राफिक्स किती खरेखुरे आहेत याचं पानभर वर्णन होतं, या चुकीबद्दल एक ओळ नव्हती. त्याच गेममध्ये एका न्हाणीघरातल्या तसबिरीच्या चौकटीवर अल्लाहच्या सौंदर्याबद्दलचं वचन कोरलेलं निघालं. ते खेळाडूंनी दाखवून दिलं आणि २०१२ साली कंपनीने तो नकाशा काही काळ मागे घेतला. गेम येऊन तीन वर्षं झाली होती. मला इथे भावना दुखावल्याचं रडगाणं गायचं नाही. मुद्दा नीट पाहण्याचा आहे. ज्याच्या समोर पाटी आहे आणि ती कुठल्या भाषेत आहे हे ज्याला पाहावंसं वाटत नाही, त्याने तो गेम "अस्सल" आहे म्हणून कसं सांगावं?

आता आपल्याकडे या. मराठीत गेमच्या मासिकाचा दर्जा घसरायला मुळात तसं मासिक असायला हवं होतं. खेळावर लिहायची परंपरा मराठीला नाही असं कोणी म्हणू नये. संदीप पाटलांच्या संपादनाखालचं 'एकच षटकार' एके काळी घराघरांत वाचलं गेलं. नाटक-सिनेमाच्या परीक्षणांवर तर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो. पण २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' हा गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला, तेव्हा मराठीत माझ्या वाचनात आल्या त्या अभिमानाच्या बातम्या. पुण्याच्या पोरांनी गेम केला, छान. पण गेम कसा आहे? लढाई कुठे कंटाळवाणी होते, गोष्ट कुठे जमते? हे सांगणारं परीक्षण मला इंग्रजीतच शोधावं लागलं.

या रिकाम्या जागेचा फायदा कोणी घेतला ते आपण पाहिलंच. पैसे लावून खेळायच्या रमीला आणि फँटसी क्रिकेटला लोक सर्रास 'गेमिंग' म्हणू लागले. आयपीएलच्या नावापासून भारतीय संघाच्या जर्सीपर्यंत त्या धंद्याची जाहिरात पोचली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. मधल्या काळात किती घरं बुडाली ते ज्याच्या त्याच्या गल्लीला ठाऊक आहे. गेम कशाला म्हणायचं आणि जुगार कशाला, हे वेळेवर ओरडून सांगणं हे गेमच्या मासिकाचं काम होतं. मासिक जिवंत असतं तर त्याने निदान हा शब्द तरी राखला असता.

पेट्यांचं तर अजून बाकीच आहे. बेल्जियमने २०१८ सालीच अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. जुगार हराम आहे हे माझ्या भाच्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण त्याच्या डोक्यात जुगार म्हणजे पत्ते, जुगार म्हणजे मटका. रंगीत पेटी हलते, उजेड पडतो, आतून भलतंच काहीतरी निघतं, तेही त्याच घरातलं आहे हे त्याला कोणी सांगितलं? मौलाना गेम खेळत नाहीत, मास्तर मोबाइल हिसकावून घेतात आणि आम्ही मामू लोक "बंद कर ते" एवढंच म्हणतो. यातलं काहीच परीक्षण नाही. ज्याला गेम माहीत आहे आणि ज्याला विकणाऱ्याकडून काही मिळत नाही, असा माणूस पोराला हवा असतो.

यूट्यूबवर प्रामाणिक माणसं नाहीत का? आहेत. पण ती बहुतेक इंग्रजीत बोलतात आणि तासभर बोलतात. शिवाय पैसे घेऊन बोलणारा कोण आणि न घेता बोलणारा कोण, हे चौदा वर्षांच्या पोराने ओळखावं ही अपेक्षाच चुकीची आहे. जुनी मासिकं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती, असंही कोणी म्हणेल. नव्हती. तरी जाहिरातीचं पान आणि परीक्षणाचं पान निदान वेगळं होतं. पान उलटावं लागायचं. आज ते एकाच माणसाच्या तोंडून एकाच वाक्यात येतं.

छापील मासिक पुन्हा काढा असा माझा हट्ट नाही. दरवर्षी महाराष्ट्रात शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांतल्या एकाने सोळा पानं गेमना द्यावीत. एखाद्या वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत एक रकाना द्यावा. अटी तीनच: गेम स्वतःच्या पैशाने घ्यायचा. तो पुरा खेळल्याशिवाय लिहायचं नाही. आणि फुकट म्हणून मिळालेला गेम महिनाभरात पोराच्या खिशातून किती काढतो, तो आकडा सगळ्यात वर छापायचा. परीक्षण ही वाचकाची अमानत आहे, ती दुकानदाराकडे गहाण ठेवता येत नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी भाच्याला वही दिली आणि म्हटलं, किती पेट्या घेतल्या आणि कशातून काय निघालं ते लिही. रागावलेला होता, पण बसला. मराठी शाळेत आहे, मराठीतच लिहिलं. दोन पानं भरली: ओळीने त्रेचाळीस पेट्या, टोप्या, शर्ट, रंग, पुन्हा टोप्या. खाली बेरीज, ८६० रुपये. आणि त्याच्याही खाली मी न सांगता एक ओळ: "बंदूक निघत नाही. घेऊ नका."

ती वही आता वर्गात फिरते आहे असं कळलं. माझ्याकडे अजून परत आलेली नाही.