झाशीत किल्ला शेवटी पाहावा

मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांनी झाशी पाहिलेली असते ती गाडीच्या खिडकीतून. पंजाब मेल, झेलम एक्सप्रेस इथे थांबतात. चहा होतो, पाटीवरचे नाव वाचून मुलांना राणीची गोष्ट सांगितली जाते आणि गाडी सुटते. जे उतरतात, त्यांतलेही पुष्कळजण रिक्षा करून थेट तीन किलोमीटरवरचा किल्ला गाठतात, तोफेशेजारी फोटो काढतात आणि दुपारच्या आत ओरछा किंवा खजुराहोची वाट धरतात. किल्ला पाहिला, झाशी झाली!

खरे तर झाशीला पूर्ण दिवस द्यावा आणि किल्ला शेवटी पाहावा. असे केले की राणी लक्ष्मीबाईंचे आयुष्य ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने शहर पाहून होते. दगदग होते खरी, पण ती सार्थकी लागते.

झाशीशी मराठी माणसाचे नाते राणीच्याही आधीचे आहे. किल्ला बांधला ओरछ्याचे राजे वीरसिंह देव यांनी, १६१३ मध्ये. १७२९ मध्ये पहिले बाजीराव छत्रसालांच्या मदतीला धावून गेले आणि त्यातून बुंदेलखंडाचा एक हिस्सा मराठ्यांकडे आला. १७४२ मध्ये नारोशंकर इथे सुभेदार झाले. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे.

सकाळची सुरुवात शहरातल्या गणेश मंदिरापासून करावी. ते ओळखलेच जाते महाराष्ट्र गणेश मंदिर म्हणून. १८४२ मध्ये मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका आणि झाशीचे राजे गंगाधरराव यांचा विवाह याच ठिकाणी झाला, असे सांगतात. सासरी आल्यावर मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. देऊळ लहानसे आहे, मोठे शिल्पकाम पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. परंतु गोष्टीची सुरुवात इथली आहे.

तिथून लक्ष्मी तलावाकडे निघावे. जवळच महालक्ष्मीचे देऊळ आहे. महालक्ष्मी हे नेवाळकरांचे कुलदैवत. राणी इथे दर्शनाला येत असत. तलावाच्याच परिसरात गंगाधररावांची छत्री आहे. नाटकाचा शौक असलेला, पदरी नाटकशाळा बाळगणारा हा राजा २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारला. पोटचा मुलगा १८५१ मध्ये जन्मून काही महिन्यांतच गेला होता. म्हणून मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी नात्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. पतीच्या मागे ही छत्री राणींनी बांधवली.

दुपारचे ऊन टाळायला शहरातला राणी महाल बरा. कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली, तेव्हा राणींना किल्ला सोडून या दुमजली वाड्यात राहायला यावे लागले. मधोमध चौक, भोवती दालने आणि वरच्या दरबार दालनाच्या छतावर रंगीत वेलबुट्टी, अशी याची रचना आहे. आता इथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि बुंदेलखंडातून आणलेल्या जुन्या मूर्ती मांडल्या आहेत. त्या पाहाव्यातच, पण चौकात थोडा वेळ बसावेही. एक तरुण विधवा आणि तिचा लहान मुलगा, राज्य गेल्यावर याच भिंतींत जवळजवळ तीन वर्षे राहिले. रणांगणावरची राणी चित्रांत सगळीकडे भेटते, ही घरातली राणी मात्र इथेच भेटते.

ऊन उतरू लागले की किल्ला चढायला घ्यावा. आत शिरताच कडक बिजली तोफ दिसते. पुढे भवानीशंकर तोफ, गणपतीचे व शंकराचे देऊळ, पंचमहाल आणि तोफांचा प्रमुख गुलाम गौस खान याची कबर आहे. राणींनी मुलाला पाठीशी बांधून घोड्यासह उडी घेतली ती जागाही दाखवतात. खाली डोकावल्यावर ही उडी खरी की लोकांच्या श्रद्धेतली, असा प्रश्न कुणालाही पडावा. नक्की आहे ते एवढे, की सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतल्यावर एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला राणी रात्रीच्या अंधारात निसटल्या आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या काल्पीला पोहोचल्या.

मग तटावरून शहराकडे पाहावे. हीच झाशी सकाळी पाहिली असती, तर नुसती घरांची छपरे दिसली असती. आता देऊळ कुठे, तलाव कुठे, महाल कुठे, हे मुलेही बोट दाखवून सांगतात. वेढ्याच्या दिवसांत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे या शहरात अडकले होते. शहर पडल्यावरची कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाची राख त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली. १९०७ मध्ये छापलेले हे पुस्तक निघण्यापूर्वी घरी वाचून घेतले, तर खालची प्रत्येक गल्ली वेगळी दिसेल.

झाशीचा उन्हाळा असह्य असतो, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. महाल व किल्ल्याच्या वेळा आणि सुट्टीचे वार आधी विचारून घ्यावेत. स्टेशनचे नाव आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे झाले आहे, तिकीट काढताना ते ध्यानात ठेवावे. ओरछा जेमतेम अठरा किलोमीटरवर आहे, ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.

किल्ला उतरताना मुले एक प्रश्न हमखास विचारतात : पाठीवरच्या त्या मुलाचे पुढे काय झाले? जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला आई पडली. मुलगा वाचला. रानावनात हाल काढून तो इंदूरला पोहोचला आणि १९०६ पर्यंत तिथेच राहिला. झाशीचे राज्य त्याला कधीच परत मिळाले नाही.