तोल कुणी सावरायचा?



आमच्या बारामती-इंदापूरकडे अर्धांगवायूला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारं जातं क्षणात, पुन्हा उभं राहायला महिने लागतात. त्या महिन्यांचे श्रम कोण करतं, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे असं मी मानते.

झटक्यानंतर हातापायांत थोडीफार ताकद परत येते, पण तोल आपोआप येतोच असं नाही. लुळ्या पायावर भार टाकायची भीती वाटते. मग सगळं अंग चांगल्या पायावर पेललं जातं आणि वळताना माणूस पडतो. फिजिओथेरपीतला तोलाचा सराव यासाठीच असतो. आधी आधाराशिवाय बसणं, बसल्या जागी बाजूला हात लांबवणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, मग उभं राहून भार या पायावरून त्या पायावर नेणं, पुढे पायरी आणि वळणं. सोबतीने लुळ्या बाजूला उभं राहायचं आणि तो हात धरून कधीही ओढायचा नाही, कारण खांदा निखळतो. दिसायला हे किरकोळ वाटतं. पण रोज तेच ते पुन्हा केल्यानेच मेंदूचा शाबूत भाग नव्याने शिकतो.

तोल मोजायला जगभर बर्ग यांची मोजपट्टी वापरतात. त्यात 14 कृती आणि 56 गुण आहेत. तिच्यात खुर्ची आहे, स्टूल आहे. आमची बाई मात्र जमिनीवर बसून भाकरी थापते, उकिडवी बसून भांडी घासते, उंबरा ओलांडून ओल्या मोरीत जाते, आणि निऱ्या पायात येतात त्या वेगळ्याच. एसटीची पहिली पायरी तर धडधाकट बाईचीही परीक्षा पाहते. जमिनीवरून उठायचं कसं, हे शिकवल्याशिवाय तिचा सराव पुरा झाला असं कसं म्हणायचं?

‘घरच्यांना शिकवा, ते करून घेतील,’ असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. हा उपाय भारतातच 14 रुग्णालयांत सुमारे 1,250 रुग्णांवर तपासला गेला. निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. घरच्यांना शिकवलेल्या गटात सहा महिन्यांनी 47 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातही 47 टक्केच. यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. पण प्रशिक्षित माणसाची जागा घरच्यांनी भरून निघते, हेही सिद्ध होत नाही. शिवाय ‘घरचे’ म्हणजे कोण? बायको, सून, नाहीतर शाळा सुटलेली लेक! तिच्या खुरपणीचा रोज बुडतो तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

आणि वारं बाईच्याच अंगावरून गेलं तर? नवऱ्यासाठी पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायका मी गावोगावी पाहिल्या. बायकोसाठी रोज अर्धा तास देणारे नवरेही भेटले, पण बोटांवर मोजण्याइतके. बहुतेक घरांत तिच्या माहेरी निरोप जातो. ती एका हाताने चूल पेटवू लागली की ‘बरी झाली’ म्हणून उपचार थांबतात.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बायकांना 2023 पासून एसटीचं निम्मं भाडं आहे, हे चांगलंच झालं. तरी निमगाव केतकीच्या किंवा बावड्याच्या बाईचा एका फेरीत दिवस जातो, आणि सोबतीणीचाही. हा सराव तर आठवड्यातून अनेकदा हवा. म्हणून फिजिओथेरपिस्टने ठरलेल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं आणि गरजेला घरी जाऊन चूल, मोरी, उंबरा पाहून सराव आखावा, अशी आपली मागणी आहे. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. कलम 24 वाचून तहसील कचेरीत लेखी विचारा.

तुमच्या गावात अशी बाई असेल तर आम्हाला एवढं कळवा: किती दिवस उपचार झाले, का थांबले, सोबत कोण जात होतं आणि तिचे किती रोज बुडाले. पुढच्या ग्रामसभांत हे आकडे मांडायचे आहेत.