दिंडोरीच्या द्राक्षबागांत

सुरतेतील मराठी घरांना दिंडोरी हे नाव तसे परके नाही. आपल्यातील अनेकांची बिऱ्हाडे ज्या दिंडोलीत आहेत तिच्याशी त्या नावाचे साम्य आहे, एवढ्यावरून आम्ही हे म्हणत नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या दर्शनास जाणारी मंडळी ज्या वणीला उतरतात, ते वणी दिंडोरी तालुक्यातलेच. मात्र देवीचे दर्शन आटोपले की आपल्याला परतीच्या गाडीचे वेध लागतात, आणि पुढचा द्राक्षांचा मुलूख पाहायचा राहूनच जातो.

गेल्या माघात चिखली, वांसदा, वघई करीत सापुताऱ्याचा घाट ओलांडून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. वाट नवी नव्हे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून परतत असता दाऊदखान कुरेशी त्यांना आडवा आला तो याच वणी-दिंडोरीच्या परिसरात. १७ ऑक्टोबरला उघड्या मैदानावर लढाई होऊन मराठ्यांची सरशी झाली. लुटलेल्या शहराचे आपण आज रहिवासी आणि लुटणाऱ्यांचे अभिमानी; तेव्हा सुरतेत ही कथा मुलांना जरा बेताच्या आवाजात सांगावी लागते. तेथे ती मोकळेपणाने सांगता आली.

नाशिक जिल्ह्याची कीर्ती मुळात खाण्याच्या द्राक्षांची. मदिरेची द्राक्षे येथे रुजली ती १९९० नंतरच्या दशकाअखेर. २००१ साली महाराष्ट्र शासनाने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि पाहता पाहता कारखाने उभे राहिले. क्रोएशियात डॅन्यूबच्या काठी इलोक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील जुनी मदिरेची तळघरे पाहण्यास प्रवासी जातात. त्या बाजूस द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात आणि पुढे हिवाळाभर वेल झोपी जातो. आपल्याकडे वेलाला झोप ठाऊक नाही. म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावे लागते: एप्रिलमध्ये काडी तयार व्हावी म्हणून खरड छाटणी, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. यामुळे घड पिकतात ते कोरड्या थंडीत, आणि तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते.

ही द्राक्षे दिसण्यात अगदीच सामान्य. मणी लहान, साल जाड, आत बिया. आमच्या आईंनी एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “यापेक्षा आपली थॉमसन बरी.” तांबड्या मदिरेचा रंग रसातून येत नाही, काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवितात तेव्हा तो सालीतून उतरतो, ही गोष्ट आम्हांस तेथेच कळली.

बाग दाखविणारे शेतकरी पन्नाशीचे होते. “काका,” ते म्हणाले, “खायच्या द्राक्षाला बाजार चार, या द्राक्षाला दार एकच.” या वाक्यात सारे आले. कारखान्याने माल उचलला तर ठीक. न उचलला तर ही बियांची द्राक्षे मंडईत कोण घेणार? २००८ नंतरच्या मंदीत मदिरेची मागणी घसरली, तेव्हा जिल्ह्यातील कित्येकांनी हातांनी लावलेले वेल हातांनीच उपटले. या गृहस्थांनीही निम्मी बाग काढून खाण्याची द्राक्षे लावली. उरलेली निम्मी का ठेवली, असे आम्ही विचारले. “थोरल्याचा हट्ट,” एवढेच ते बोलले. थोरला मुलगा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. मदिरा वाईट की चांगली हा वाद घरात घालणे सोपे असते, पण त्या बापलेकांसमोर तो वाद घालण्याची इच्छा आम्हांस झाली नाही.

आमच्यापैकी कोणी चव घेतली किंवा कसे, हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. जाणाऱ्यांनी एक मात्र ध्यानात ठेवावे. गुजरातेत दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा १९६० नंतर येथे पुढे चालू राहिला, आणि २०११ पासून त्याचे नाव गुजरात दारूबंदी कायदा असे झाले. परवान्याशिवाय एक बाटलीही सापुताऱ्याच्या या बाजूस आणणे हा गुन्हा होय. पाहुण्यांसाठी म्हणून, औषधासाठी म्हणून, अशा सबबी नाक्यावर चालत नाहीत.

द्राक्षांना मात्र कोणी अडवीत नाही. आम्ही दोन पेट्या आणल्या. त्यांतली एक उधन्याला पोहोचेपर्यंत मुलांनी अर्धी केली होती.