सावकाराच्या वहीत अडकलेली पत

खरीप तोंडावर आला की यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणारा शेतकरी बँकेच्या दारात उभा राहतो आणि तेथे त्याला 'सिबिल' हा शब्द ऐकावा लागतो. २००० साली स्थापन झालेली ही संस्था व २००५च्या कायद्याखाली आलेल्या तिच्यासारख्या अन्य कंपन्या कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवतात. त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान गुण पडतात. कर्ज बुडविणाऱ्याचे गुण घसरावेत, हे न्याय्यच आहे. परंतु ज्याने बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, त्याच्या नावापुढे कोरा कागद असतो आणि व्यवहारात कोरा कागद व काळा कागद यांत फारसा भेद केला जात नाही.

वस्तुतः हा मनुष्य कर्जाला अपरिचित नाही. घाटंजी वा मारेगावकडच्या कोरडवाहू शिवारात वर्षानुवर्षे कापूस विकून आधी सावकाराचे देणे चुकविणारे शेतकरी आहेत. त्यांची शिस्त कोणा पगारदाराहून उणी नाही. तथापि तिचा पुरावा सावकाराच्या वहीत आहे. २०१४च्या कायद्याने सावकारावर हिशेब व पावती देण्याचे बंधन घातले. पण ज्याच्याकडे परवानाच नाही, तो पावती कसली देणार? व्याज तर तो घेतोच, शिवाय ऋणकोने घाम गाळून कमावलेली पतही त्याच्याच घरी राहते.

याहून बिकट अवस्था शेतकऱ्याच्या विधवेची. सातबारा पतीच्या नावे, कर्जखाते पतीच्या नावे. फेरफार होऊन जमीन तिच्या नावावर आली तरी बँकेच्या लेखी ती कालच जन्मलेली असते!

शासनाला याची जाणीव नाही, असे नव्हे. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून प्रथम कर्जदाराला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये बजावले. त्याच वर्षी मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. कर्जमाफ्याही झाल्या. २००८च्या माफीतील दोन हेक्टरांच्या मर्यादेने विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यावर केलेला अन्याय सर्वविदित आहे. पण बँकेच्या कर्जाची माफी बँकेची पायरीच न चढलेल्याला मुळी शिवतच नाही.

यावर उपाय संथ आहे, पण हाताशी आहे. १९९२पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले. गटातील सदस्यांची व्यक्तिगत कर्जनोंदही पतसंस्थांकडे नव्हे, तर या पतमाहिती कंपन्यांकडे जावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६चा आदेश आहे. गटातून घेतलेले कर्ज वेळेवर फेडणारी भगिनी अशा रीतीने स्वतःच्या नावाची पत उभी करू शकते. मात्र नोंद खरोखर जाते की नाही, हे पाहिले पाहिजे. वर्षातून एकदा हा अहवाल विनामूल्य मिळतो. नातलगाला भिडेखातर जामीन राहिल्यास त्याची थकबाकी आपल्याही अहवालात उमटते, हेही घरोघरी सांगावयास हवे.

दीनदयाळ बहुउद्देशीय प्रसारक मंडळ या जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी दीर्घकाळ काम करीत आले आहे. प्रत्येक तालुक्यातील लिहिते-वाचते कार्यकर्ते, निवृत्त बँक कर्मचारी व शिक्षक यांनी अशा कुटुंबांचा फेरफार, बचत खाते व अहवाल यांची कागदपत्रे सोबत बसून पूर्ण करावीत. खरिपाचे कर्जवाटप एप्रिलपासून सुरू होते. तेव्हा हे काम फेब्रुवारीतच हाती घ्यावे लागेल.