ट्रॉलीचे दिवे आणि ब्रेक : आपली जबाबदारी

उसाचा गळीत हंगाम जवळ आला म्हणजे आपण ट्रॅक्टरचें तेल बदलतों, टायर पाहतों, ट्रॉलीच्या फळ्या ठोकून घेतों. परंतु ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांकडे लक्ष देणारे शेतकरी थोडे. पुढचे दिवे वाट दाखवितात, तेवढ्यानें आपलें काम भागलें असें वाटतें. वस्तुतः रात्रीं खरा धोका असतो तो मागून येणाऱ्यास. उसाच्या मोळ्या ट्रॉलीबाहेर आलेल्या, भोंवतीं काळोख आणि वेग सायकलीएवढा. मोटारसायकलवरून येणाऱ्यास ही भिंत दिसते तेव्हां थांबण्यास अवकाश उरलेला नसतो. आणि तो वाटसरू पुष्कळदां आपल्याच गांवचा असतो.

यावर “दिवे लावले होते, पण ते टिकत नाहींत,” असें उत्तर मिळतें. ही तक्रार खोटी नाहीं. मात्र दोष बहुधा दिव्यांचा नसून जोडणीचा असतो. जुन्या ट्रॅक्टरांवर पुष्कळदां दिव्यापर्यंतची तार तेवढी मागें नेतात आणि प्रवाहाचा परतीचा मार्ग हुकाच्या पिनेवर सोपवितात. पिनेस ग्रीस, गंज व माती लागलेली. खड्ड्यांत ट्रॉली हादरली कीं प्रवाह तुटतो, आणि आपण बल्बास दोष देतों. यासाठीं अर्थिंगची स्वतंत्र तार सॉकेटमधून न्यावी. सात पिनांच्या सॉकेटच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तिसरी पिन, म्हणजे पांढरी तार, याच कामास राखलेली आहे. पहिली पिवळी डाव्या व चौथी हिरवी उजव्या वळणाच्या दिव्याची. पांचवी तपकिरी व सातवी काळी मागच्या दिव्यांची. सहावी तांबडी ब्रेकच्या दिव्यांची. बाजारांत रंगांचा घोटाळा असतो, म्हणून पिनेवरील आंकडा पाहूनच जोडणी करावी.

तारही बारीक नसावी. प्रत्येकीं 21 वॅटचे ब्रेकचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेतीन अँपियर प्रवाह घेतात. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनें 10 मीटर जाऊन परत यावयाचें, तर सुमारें 1.2 व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात आणि दिवा मंद होतो. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यानें अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी, आणि सर्व भार जुन्या स्विचावर न टाकतां फ्यूज व रिले बसवावा.

दिव्यांहून मोठा प्रश्न ब्रेकचा. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरहून कितीतरी जड असते. तिला स्वतःचे ब्रेक नसले तर उतारावर ती मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वेग दुप्पट झाला कीं आवरावयाची शक्ति चौपट होते, हें विसरूं नये. अमेरिकेंत पिकअप गाडीमागील ट्रॉलीस विजेचे ब्रेक बसवून चालकाजवळील नियंत्रकानें ते चालवितात. आपल्या ट्रॉल्यांस तेलाच्या किंवा हवेच्या दाबाचे ब्रेक बसवितां येतात. नवी ट्रॉली घेतांना ते मागून घ्यावे. जुनी ट्रॉली असेल त्यानें निदान वजन व वेग आवरावा. शिवाय शेतांत वळण्यासाठीं सुटे ठेवलेले डावा व उजवा असे दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वीं एकत्र अडकवावे. नाहींतर एकाच बाजूच्या चाकास ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो.

मागें लाल परावर्तक असावेत असें केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत सांगितलेलेंच आहे. परंतु हवालदाराच्या भीतीनें लावलेला दिवा भीति संपली कीं विझतो. म्हणून माझी सूचना अशी कीं, हंगामापूर्वीं एक दिवस ठरवून सभासदांनीं आपल्या ट्रॉल्या एके ठिकाणीं आणाव्या, वायरमन बोलवावा आणि दिवे, अर्थिंग व ब्रेक तपासून घ्यावे. ट्रॉली भाड्याची असली तरी ऊस आपला आहे. जिला मागें दिवा नाहीं तींत तो भरूं देऊं नये. एवढा नियम आपण आपल्यावर घालून घेतला, तर खर्च थोडा होईल आणि कोणा घरचा माणूस रात्रीं सुखरूप घरीं पोहोंचेल.