मोडलेल्या जबड्याची साक्ष

काही असत्ये आपल्या अंगवळणी इतकी पडली आहेत, की ती ऐकताना मनाला टोचतसुद्धा नाहीत. ‘मोरीत पाय घसरला’ हे त्यांतलेच एक. बेळगाव-निपाणी भागात जबडा मोडलेली किंवा गालाचे हाड खचलेली बाई दवाखान्यात येते, तेव्हा पुष्कळदा हेच वाक्य केसपेपरवर चढते. ते सांगतो नवरा किंवा सासू. बाई मान हलवते, लिहिणारा लिहून घेतो, आणि खरे काय ते ठाऊक असलेले शेजारी गप्प राहतात. रस्त्यावरील अपघातांत जबडे मोडतात, हे खरे. तवंदी घाटातून हेल्मेटशिवाय आणि दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांची बेफिकिरी हा वेगळा अपराध आहे. पण घरात मोडलेल्या जबड्याला अपघात म्हणणे हा त्याहून मोठा अपराध आहे, आणि तो आपण सर्वांनी मिळून केलेला आहे.

माणसे काहीही सांगोत, घाव कोठून आला हे हाड बहुधा सांगून जाते. समोरून उजव्या हाताचा ठोसा बसला, की बहुतेक वेळा डावी बाजू मोडते. खालचा जबडा घोड्याच्या नालेच्या आकाराचा असल्यामुळे हनुवटीजवळ एका बाजूला बसलेला आघात कित्येकदा दुसऱ्या बाजूला, कानापुढच्या सांध्यापाशी, हाड तोडतो. मग वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत. जबड्यातून जाणारी नस दुखावली, तर खालचा ओठ बधिर होतो. डोळ्याखालचे पातळ हाड फुटले, तर एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. अशा बाईला आपण काय सांगतो? हळदीचा लेप लाव, आणि सूज उतरेपर्यंत बाहेर तोंड दाखवू नकोस. घराण्याची अब्रू राखण्यात असे दिवस जातात, तोवर हिरडीच्या जखमेतून जंतू हाडापर्यंत पोचतात किंवा हाड वाकडे सांधते. वाकडे सांधलेले हाड सरळ करायचे, तर शल्यविशारदाला ते पुन्हा तोडावे लागते.

उपचार दूर नाहीत. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, 1916 साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेचे दंतमहाविद्यालय आहे. आधी दातांना तारा बांधून चावा जुळवतात. मग बहुधा तोंडाच्या आतूनच छेद देऊन टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू यांनी हाड जोडतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर पेज, दूध, पातळ वरण. निपाणीची विडी कामगार असेल, तर हजार विड्यांमागे मिळणारी तिची मजुरी थांबलेली चालत नाही. तोंड बांधलेले असले तरी हात मोकळे आहेत, म्हणून विड्यांचे सूप पुन्हा तिच्या मांडीवर येते. शस्त्रक्रियेने हाड जुळते, पण ज्या हाताने ते मोडले त्याच्याच घरी आपण तिला परत धाडतो आणि त्याला संसार सावरणे म्हणतो.

हे आंधळेपण आजचे नाही. नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची, ही म्हण आपल्या आज्यांनी आपल्याला दिली. पुरुषाचा हात आपण निसर्गाच्या पंक्तीला नेऊन बसवला, आणि निसर्गावर कोणी खटला भरत नाही. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून या न्यायाला जाब विचारला. शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. हाड किंवा दात मोडणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे, असे 1860 च्या दंडसंहितेने सांगितले. आजची न्यायसंहिताही तेच सांगते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. कायदा इतका जुना असूनही तो आपल्या उंबऱ्याशी थबकतो, कारण उंबऱ्यावर आपणच त्याला अडवून उभे आहोत.

1956 पासून आपण सीमाभागातील मराठी माणसे मायबोलीच्या सन्मानासाठी लढत आलो, आणि तो लढा न्याय्य आहे. पण ज्या मुखातून मुलांना मायबोली मिळते, ते मुख घरात फोडले जात असता आपली सभा तहकूब होत नाही, मोर्चा निघत नाही. मारहाणीपुरते मराठी घर आणि कन्नड घर यांत काही अंतर उरलेले नाही, याची लाज दोघांनाही वाटली पाहिजे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडणे हा एके काळी धर्म मानला जाई. 1982 च्या कायद्याने आणि त्याआधीपासून झगडणाऱ्या माणसांनी त्याला अधर्म ठरवले. बायकोला मारण्याची चालही तशीच जाईल. त्यासाठी डॉक्टरांनी बाईला एकटीला बसवून विचारावे आणि ती सांगेल तेच लिहावे. बापाने लेकीला ‘नांदायला जा’ म्हणण्याआधी माहेरचे दार उघडे ठेवावे. शेजाऱ्याने आवाज ऐकला, की उठून कडी वाजवावी. आणि आपण पुरुषांनी एकमेकांच्या मारहाणीला ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणणे आजपासून सोडावे. तो मामला आपल्या सगळ्यांचा आहे, कारण आपल्या मौनावाचून तो एक दिवसही चालला नसता.